बाळ मुलगा की मुलगी कळेना, तेव्हा आयुष्मान कार्ड कशाला आणि गोळी कशाला

गेल्या भात-लावणीच्या दिवसांत रविवारची मिस्सा संपल्यावर बेळगावकडच्या एका खेड्यातला तरुण शेतकरी आणि त्याची आई चर्चच्या आवारात आमच्यासाठी थांबले होते. घरी बाळंतीण, बाळ नऊ दिवसांचे. नर्सबाईंनी बाळ हातात दिले, पण मुलगा की मुलगी हे काही सांगितले नाही. ‘रजिस्टरात लिहायचे काय?’ असे आपापसातले बोलणे मात्र आजीच्या कानावर पडले. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितले, आयुष्मान कार्ड आहे ना, मग चिंता करू नका, सहा महिन्यांनी या, ऑपरेशन करून सारखे करून देऊ. मायलेकांचे आमच्याकडे दोन प्रश्न होते. हे ऑपरेशन खरोखर कार्डात बसते का? आणि स्नानसंस्काराला नाव कुठले धरायचे?

आम्ही उलट विचारले, बाळ पिते कसे? आजी म्हणाल्या, ‘‘कालपासून ओढत नाही हो. प्यायले तरी ओकून टाकते.’’ आणि मग हळूच म्हणाल्या, ‘‘पहिला नातूपण असाच पंधराव्या दिवशी गेला. दृष्ट लागली म्हणाले.’’

त्यानंतर आम्ही कार्डाची गोष्ट तिथेच सोडली आणि त्यांना गाडी पाहून दिली. त्याच दुपारी बाळ जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातल्या नवजात कक्षात दाखल झाले. रक्तातले मीठ फार उतरले होते. बाळ वाचले. पण सहा महिन्यांच्या तारखेची वाट पाहत ते घरीच राहिले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. म्हणून हा विषय लाजेचा वाटला तरी या पानावर घ्यायचे आम्ही ठरवले.

आधी बाळाच्या शरीरात काय घडते ते पाहू या. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर टोपीसारखी एक एक छोटी ग्रंथी असते. तिला अ‍ॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. ती तीन प्रकारचे रस रक्तात सोडते. एक रस ताप, उपास, इजा अशा संकटात शरीराला तग धरायला लावतो. दुसरा रस मीठ लघवीवाटे वाहून जाऊ देत नाही. तिसरा पुरुषी वाढीचा असतो आणि तो मुलींतही थोडा असतो. काही बाळांत जन्मतःच एक द्रव्य कमी असते, त्यामुळे पहिले दोन रस तयार होत नाहीत. ग्रंथी तर जोर लावत राहते, आणि सगळा कच्चा माल तिसऱ्या रसाकडे वळतो. पाटाची दोन दारे बंद झाली की सगळे पाणी तिसऱ्या वाफ्यात शिरते, तसाच हा प्रकार. डॉक्टर या आजाराला सी. ए. एच. म्हणतात. पूर्ण नाव कन्जेनिटल अ‍ॅड्रिनल हायपरप्लेजिया.

बाळ मुलगी असेल तर पोटात असतानाच या जादा रसामुळे तिचे बाहेरचे अवयव मुलासारखे दिसू लागतात. आत मात्र गर्भाशय असते, बीजांडकोश असतात, आणि उपचार नीट झाले तर पुढे ती आईही होऊ शकते. बाळ मुलगा असेल तर बाहेरून काहीच वेगळे दिसत नाही. खरा धोका इथेच आहे. मुलीच्या बाबतीत निदान शंका तरी येते. मुलाला धडधाकट समजून घरी पाठवतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात ते ओकू लागते, सुकते, निपचित पडते. घरचे म्हणतात हगवण झाली, दृष्ट लागली, आईचे दूध बाधले. त्या घरातला पहिला नातू याच आजाराने गेला असे आम्ही ठामपणे म्हणू शकत नाही, कारण त्याचे रक्त कोणी तपासलेच नव्हते. पण ज्या घरात पूर्वी एखादे बाळ असे पहिल्या महिन्यात गेले असेल, त्यांनी ही गोष्ट डॉक्टरांना आपणहून सांगावी. न विचारता सांगावी.

हा आजार दुर्मीळ आहे म्हणून सोडून देण्याइतका दुर्मीळ नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद आणि कोलकाता या पाच ठिकाणी एक लाखाहून अधिक नवजात बाळांची तपासणी करविली. तिचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. साधारण ५,७६२ बाळांमागे एकाला हा आजार आढळला. ठळक स्वरूपाचा आजार असलेल्या बाळांपैकी चारात तिघांचे मीठ वाहून जाते. आई-बाप दोघांच्याही रक्तात हा दोष लपून असेल तरच तो बाळात उतरतो, आणि अशा जोडप्याच्या प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता राहते. नात्यातल्या लग्नांत ती वाढते. मामाच्या मुलीशी लग्न लावण्याची रीत आपल्या सीमाभागात आणि तेलंगणात अजून आहे. चर्चच्या कायद्याने सख्ख्या आते-मामे भावंडांचे लग्न खास परवानगीवाचून होत नाही, तरी ती परवानगी मागायला येणारी घरे आपण पाहतोच.

दोष आईचा की बापाचा, ग्रहण पाहिले की काय खाल्ले, हे वाद व्यर्थ आहेत. जनावरे पाळणाऱ्यांना एक दाखला देतो, म्हणजे गोष्ट लवकर कळेल. बाळाची तुलना वासराशी करण्याचा हेतू नाही. गाय जुळी व्याली आणि त्यात एक खोंड व एक कालवड असेल, तर ती कालवड मोठी झाल्यावर दहापैकी नऊ वेळा गाभण राहत नाही. पोटात दोघांच्या वारेतून रक्त एकमेकांत मिसळते, खोंडाचे रस कालवडीच्या रक्तात जातात आणि तिचे आतले अवयव नीट घडत नाहीत. यात गाईने काही पाप केलेले नसते. पोटातल्या घडणीच्या वेळी कुठला रस किती आला, यावर शरीर बरेच अवलंबून असते, एवढेच.

उपचार ऐकून पुष्कळांना नवल वाटते. जो रस शरीरात तयार होत नाही, तो गोळीने द्यायचा. हायड्रोकॉर्टिसोनची गोळी लहान मात्रेत दिवसातून तीन वेळा, मीठ धरून ठेवणारी फ्लुड्रोकॉर्टिसोनची गोळी रोज, आणि पहिल्या वर्षात डॉक्टर मोजून देतील तेवढे मीठ. इथे आजीबाई अडतात. तान्ह्या बाळाला वर्षभर मीठ देऊ नये असे सगळेच सांगतात, आणि ते इतर बाळांसाठी खरेही आहे. पण या बाळाचे मीठ लघवीवाटे गळत असते. गोठ्यात मिठाचा खडा टांगणाऱ्या घराला हे समजायला जड जाऊ नये. गोळ्या जन्मभर चालतात. बाळ गुटगुटीत दिसू लागले म्हणून त्या बंद करणे, किंवा कोणी जडीबुटी सांगितली म्हणून थांबवणे, म्हणजे बाळाला पुन्हा त्याच संकटात ढकलणे. ताप आला की मात्रा दुपटी-तिपटीने वाढवावी लागते; किती, ते डॉक्टरांकडून आधीच कागदावर लिहून घ्यावे. गोळी पोटात टिकत नसेल, ओकारी होत असेल, तर इंजेक्शनच लागते. तेव्हा पहाटेपर्यंत थांबायचे नाही.

आता कार्डाकडे येतो, कारण घोटाळा तिथे आहे.

प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार तिच्यात मिळतात. माणसे किती, वय किती याची अट नाही. आजार जन्मापासूनचा आहे म्हणून नाकारता येत नाही. कर्नाटकात हीच योजना ‘आरोग्य कर्नाटक’शी जोडलेली आहे. गुजरातने जुलै २०२३ मध्ये मर्यादा दहा लाखांवर नेली. तेलंगणाच्या आरोग्यश्री योजनेतही डिसेंबर २०२३ मध्ये ती दहा लाख झाली. गोव्यात २०१६ सालापासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तिच्यात तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख अशी मर्यादा ठरली होती. केंद्राच्या योजनेचे कार्ड एका राज्यातून दुसऱ्या राज्यातल्या मान्य रुग्णालयातही चालते. सीमेवरच्या आपल्या लोकांना हा मोठा आधार आहे.

पण ही कार्डे मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहेत. दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यावरचे पंधरा दिवस एवढाच बाहेरचा खर्च केंद्राच्या योजनेत धरला जातो. म्हणजे शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात. रोज घरी घ्यायच्या गोळीचे, दर काही महिन्यांनी करायच्या रक्ततपासणीचे, डॉक्टरांना नुसते दाखवायला जाण्याचे मिळत नाहीत. जे बाळाला जगवते ते खिशातून, आणि ज्याला पुष्कळदा थांबता येते ते फुकट, असा हा उलटा हिशेब आहे. यात कोणाचा कपटीपणा आहे असे आम्ही म्हणत नाही. मोठ्या इस्पितळी खर्चाने कर्जबाजारी होणाऱ्या घरांना वाचवायला योजना काढली आणि तिची बांधणी तशी झाली. मात्र परिणाम असा होतो की गरीब घराला वाटते, कार्डात बसते तेच खरे औषध. तो डॉक्टरही कार्डाचे बोलला, सोडियमचे बोलला नाही.

गोळ्यांचे ओझे हलके करणाऱ्या दुसऱ्या सरकारी वाटा आहेत, त्या कार्डावर छापलेल्या नसतात. २०११ साली सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयात आजारी नवजात बाळाचे औषध, तपासणी आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. आधी ही सोय जन्मानंतर तीस दिवस होती, पुढे ती वर्षाच्या बाळापर्यंत वाढवली. या आजाराचे पहिले संकट याच काळात येते, म्हणून शंका असलेले बाळ सरळ सरकारी नवजात कक्षात न्यावे, तिथे पैशाचा प्रश्न येऊ नये. दुसरी वाट २०१३ सालच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी तिच्यात होते; फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते, आणि पुढच्या उपचारासाठी जिल्हा रुग्णालयातल्या केंद्राकडे पाठवते. गोळ्या सरकारी दवाखान्याच्या साठ्यात असतील तर मोफत मिळतात. फ्लुड्रोकॉर्टिसोन खेड्यातल्या दुकानात सहसा नसते, तेव्हा जिल्ह्याच्या गावाहून दोन महिन्यांची एकदम आणून ठेवावी.

मग शस्त्रक्रियेचे काय? इथे सगळी मुले एका मापाने मोजू नयेत. काही मुलांत लघवीचे छिद्र टोकाशी न राहता खालच्या अंगाला असते. याला हायपोस्पेडियास म्हणतात आणि तो बराच आढळणारा दोष आहे. दोन्ही अंड हाताला लागत असतील तर तो साधा दोष समजावा; शस्त्रक्रिया साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या वयात करतात, आणि ती कार्डात बसते. अंड सहा महिन्यांपर्यंत खाली उतरले नाही तर वर्ष-दीड वर्षाच्या आत ते खाली आणून बसवावे लागते. तीही शस्त्रक्रिया कार्डात आहे, आणि तिला मात्र उशीर करू नये. परंतु मुलासारख्या दिसणाऱ्या बाळात दोन्ही अंड हाताला लागत नसतील, तर ते बाळ सी. ए. एच. असलेली मुलगी असू शकते. तिथे सुरीचे नाव काढण्याआधी रक्तातले सोडियम-पोटॅशियम, अठ्ठेचाळीस तासांनंतर घेतलेली १७-ओ. एच. पी. ही तपासणी, पोटाची सोनोग्राफी आणि गुणसूत्रांची तपासणी व्हायला हवी. गुणसूत्रांचा अहवाल यायला आठवडे लागतात. सोडियमचा त्याच दिवशी मिळतो, आणि जीव त्याच्यावर आहे.

नुसते दिसणे सारखे करण्यासाठी तान्हेपणी ऑपरेशन करावे की नाही, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. पन्नास-साठ वर्षांपूर्वी लवकर उरकून टाकावे असाच कल होता. ती मुले मोठी झाली आणि सांगू लागली की आम्हाला कोणी विचारले नाही, संवेदना गेली, पुन्हा पुन्हा ऑपरेशने झाली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एकमताच्या निवेदनात जगभरच्या तज्ज्ञांनी सांगितले की घाई करू नये, दिसण्यापेक्षा अवयवाचे काम महत्त्वाचे मानावे, आणि आई-बापांपासून काही लपवू नये. आपल्या देशात मद्रास उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांनी २२ एप्रिल २०१९ च्या निकालात अशा बाळांवरील लिंग ठरवणाऱ्या शस्त्रक्रियांना बंदी घालण्यास सरकारला सांगितले, आणि त्याच वर्षी तमिळनाडूने जीव धोक्यात असेल ती वेळ सोडून तशी बंदी केली. २०२१ च्या जानेवारीत दिल्लीच्या बालहक्क आयोगाने तशीच शिफारस केली. लघवी अडत असेल, वारंवार जंतुसंसर्ग होत असेल तर थांबायचे कारण नाही. पण केवळ सासरचे, शेजारचे काय म्हणतील म्हणून तारीख घ्यायची असेल, तर आमचे मत थांबावे असेच आहे. लेकरू मोठे होऊन स्वतः सांगू शकेल. कार्डही तेव्हा असेल. या योजनांत ते दरवर्षी नव्याने भरते.

वर्तमानपत्रांत अमेरिकेतल्या बातम्या वाचून काही वाचक गोंधळतात, म्हणून चार ओळी. तिथे गरिबांसाठी मेडिकेड नावाची सरकारी आरोग्य योजना आहे. आपण जन्माला आलो त्या लिंगाचे नाही असे वाटणाऱ्या अल्पवयीन मुलांना हार्मोन किंवा शस्त्रक्रिया द्यावी का, आणि तिचे पैसे सरकारने द्यावेत का, यावर तिथे मोठा झगडा चालू आहे. अनेक राज्यांनी ते उपचार किंवा त्यांचा खर्च बंद केला. टेनेसी राज्याचा बंदीचा कायदा १८ जून २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ग्राह्य धरला. मात्र त्याच टेनेसीच्या कायद्यात जन्मतः दोष असलेल्या मुलांच्या उपचारांना सूट आहे. म्हणजे ज्या बाळाबद्दल आपण बोलतो आहोत तो प्रश्न निराळा. आपल्याकडे २०१९ च्या तृतीयपंथी व्यक्तींच्या कायद्यात अशा शरीराने जन्मलेल्यांचाही उल्लेख होता, आणि २०२२ साली तृतीयपंथी प्रमाणपत्र असलेल्यांसाठी पाच लाखांची आयुष्मान योजना जाहीर झाली. आजारी तान्ह्या बाळासाठी त्या प्रमाणपत्राच्या मागे धावू नये. घरचे साधे कार्ड आणि सरकारी नवजात कक्ष पुरेसा आहे. कार्डात बाळाचे नाव कसे घालायचे ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावे.

राहिला नावाचा प्रश्न. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत करायची असते, पण बाळाचे नाव त्यात लगेच घालावेच लागते असे नाही. ते बारा महिन्यांपर्यंत फी न भरता घालता येते, आणि उशीर झाल्यास फी भरून पंधरा वर्षांपर्यंत. तेव्हा तपासण्या होईपर्यंत थांबावे. लोकांना ‘बाळ आजारी आहे, इस्पितळात आहे’ एवढे सांगितले की पुरे. बाळंतिणीला भेटायला आलेल्या प्रत्येकीने दुपटे उघडून पाहावे असा काही नियम नाही, आणि कोणी बाळ देऊन टाकण्याचा सल्ला दिला तर त्याला चहाही देऊ नये.

त्या घरी महिन्याभराने अहवाल आला. मुलगी आहे. सहा महिन्यांची तारीख त्यांनी रद्द केली. स्नानसंस्कार सुगीनंतर झाला. गोळीच्या वेळा आजींनी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहिल्या आहेत, आणि मिठाच्या पुड्या कंपाउंडरकडून मोजून आणतात. पुढचे मूल होण्याआधी त्या जोडप्याने रक्त तपासून घ्यायचे कबूल केले आहे. दुसऱ्या कोणाच्या घरी पहिल्या महिन्यात बाळ गेले असेल आणि कारण कळले नसेल, तर आशाताईंना किंवा आम्हाला येऊन सांगावे. नाव छापले जाणार नाही.